अणुभट्टीच्या त्या निळ्या पाण्यात शेवाळ धरतं म्हणे, खरं का? आणि खातं काय ते?

पावटेभात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विज्ञान मला दहावीपुरतंच कळतं हे आधीच सांगते, तेव्हा हसू नका. मुलगा सातवीत आहे, शाळेत ऊर्जेवर तक्ता करायचाय, त्याच्या वाट्याला अणुऊर्जा आली. नेटवर फोटो शोधताना तो हौद दिसला, वापरून झालेलं इंधन पाण्यात बुडवून ठेवतात ना तो, निळाशार आणि तळापर्यंत लख्ख. तर हा म्हणतो, आई एवढं रेडिएशन आहे म्हणजे एक पण जंतू जिवंत राहात नसणार, म्हणजे हे जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी, आपल्या फिल्टरपेक्षा भारी. मला पण पटलं, तक्त्यावर लिहून पण टाकलं त्याने, स्केचपेनने.

आणि मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले तर कुठेतरी दिसलं की असल्या हौदांत बॅक्टेरिया असतात, काही ठिकाणी चक्क शेवाळ धरतं आणि साफ करायला माणसं लावावी लागतात! आता आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ धरतं ते समजू शकते, ऊन आहे, कबुतरं आहेत, सेक्रेटरी आहे. पण तिथे? एक तर ते पाणी म्हणे डिस्टिल्ड वॉटरसारखं, त्यात काहीच नसतं, मग हे खातात काय? आणि रेडिएशनने मरत कसे नाहीत, का ते सिनेमातल्यासारखे बदललेले जंतू आहेत? आणि ते बाहेर आले तर? तक्ता शुक्रवारी द्यायचाय, लवकर सांगा, खाडाखोड करायची की नवीन कागद आणायचा.

चकलीबहाद्दर

म्हणजे आमच्या टाकीतल्या शेवाळाला आता सरकारी नोकरी लागू शकते तर. (हलके घ्या.) जाणकारांच्या प्रतीक्षेत, वाचनखूण साठवली आहे.

डेड_लेग

ताई, मी अणुभट्टीतला माणूस नाही पण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोटापाण्याचं आहे म्हणून लिहितो. बोईसरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत वॉटर सिस्टीम बघतो, बारा वर्षं झाली. आमचं पाणी म्हणजे आधी सॉफ्टनर, मग आरओ, मग रेझिन (क्षार ओढून घेणारे बारीक दाणे), मग यूव्ही, आणि ते पाइपांच्या रिंगणात चोवीस तास फिरत असतं, त्याला आम्ही लूप म्हणतो. कंडक्टिव्हिटी २५ डिग्रीला १.३ मायक्रोसीमेन्सच्या आत पाहिजे, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच, तुमच्या नळाच्या पाण्याची काही शे असते. सेंद्रिय कार्बन एक अब्ज भागांत ५०० भागांच्या आत. आता या पाण्यात कोण जगेल असं वाटतं ना? मला पण पहिल्या वर्षी असंच वाटायचं.

जगतात. आणि नुसते जगत नाहीत, पाइपच्या आतून चिकट थर करतात, हात लावला की बुळबुळीत. आमच्यात लिमिटच मुळी शून्य नाहीये, एका मिलिलिटरमध्ये शंभर वसाहतींपर्यंत चालतं, कारण शून्य जमतच नाही हे सगळ्यांना माहितीये. आणि गंमत अशी की नेहमीच्या पौष्टिक अगारवर (जंतू वाढवायची जेली) हे जंतू नीट उगवतच नाहीत, त्यांना उपाशी राहायची सवय, एकदम पंगत वाढली की बिचकतात. म्हणून आम्ही मुद्दाम कमी खुराकाचं अगार वापरतो, आर-टू-ए म्हणून असतं, आणि पाच दिवस वाट बघतो. पहिल्या दोन दिवसांत प्लेट कोरी दिसते, नवीन पोरगं खूश होऊन रिपोर्ट लिहायला घेतं, मी सांगतो थांब बाबा. पाचव्या दिवशी टिपके.

खातात काय? तर जे आपण "काही नाही" म्हणतो ते त्यांच्यासाठी पुष्कळ असतं. रेझिन स्वतःच प्लॅस्टिकचं, त्यातून किंचित काहीतरी सुटतं. गास्केटमधून सुटतं. हवेतली धूळ, हवेतला कार्बन डायऑक्साइड. आणि मेलेले भाऊबंद, हे महत्त्वाचं, एक मेला की त्याच्यावर दोघं जेवतात. पाणी वाहतं असेल तर अजून बरं, त्यांना जागेवर बसून ताट येतं, कारण पाण्यात खाणं कितीही विरळ असलं तरी दिवसभरात हजारो लिटर त्यांच्या तोंडासमोरून जातंय. म्हणून ते तरंगत नाहीत, भिंतीला धरून बसतात. तुम्ही सॅम्पल घेता ते पाण्याचं, खरी वस्ती भिंतीवर.

तेव्हा भुकेचं कोडं रेडिएशन नसलेल्या ठिकाणी पण तेच आहे एवढंच मला सांगायचं होतं. किरणांचं कुणीतरी तज्ज्ञ सांगेल.

सर्वज्ञ_सिंह

सिंपल आहे. ते रेडिएशनच खातात. चेर्नोबिलमध्ये काळी बुरशी सापडली ती रेडिएशन खाऊन वाढते हे सिद्ध झालंय. निसर्ग स्वतःच साफसफाई करतो, आपण उगीच अब्जावधी खर्च करतो. दहा वर्षांत हे जंतू सगळा अणुकचरा संपवतील बघा.

निवृत्त_पण_जागा

सिंहसाहेब, जरा दमानं. मी या क्षेत्रात नोकरी केली, कुठे ते विचारू नका, आता निवृत्त आहे, नातवंडं सांभाळतो. आधी ताईंच्या मुलाच्या तक्त्याचं बघू.

एक गैरसमज बहुतेक सगळ्यांचा असतो, की तो हौद म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसारखं रेडिएशनचं सूप. तसं नसतं. इंधनाच्या कांड्या तळाशी उभ्या ठेवलेल्या असतात, साधारण चार मीटर उंचीच्या, हौद बारा मीटरच्या आसपास खोल, म्हणजे डोक्यावर सात-आठ मीटर पाणी. गॅमा किरण पाण्यातून जाताना दर दहा-अकरा सेंटिमीटरला ढोबळमानाने निम्मे होतात. आता मुलाला म्हणावं एक कागद घे आणि सात मीटरला किती वेळा निम्मं होतं ते मोज. साठ-सत्तर वेळा. तांदळाच्या दाण्याची आणि बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट उलटी करा. म्हणून तर माणसं हौदाच्या काठावर उभी राहून काम करतात. तर वरच्या थरात तरंगणाऱ्या जंतूला कांड्यांकडून जवळपास काहीच पोचत नाही, आणि कांडीला चिकटून बसलेल्याला भयंकर पोचतं. एकाच हौदात दोन वेगवेगळी गावं आहेत म्हणा ना. पाण्यात विरघळलेले किरणोत्सारी पदार्थ असतात ते वेगळे, कोबाल्ट, सिझियम वगैरे, पण ते रेझिनमधून सतत काढत असतात.

पाणी अतिशुद्ध ठेवतात ते काही पिण्यासाठी नाही, गंज लागू नये म्हणून. आणि इथेच खरी अडचण होते. घरी शेवाळ धरलं की आपण टीसीएल पावडर टाकतो. तिथे क्लोरीनला मज्जाव, कारण क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं, आणि कांडीचं कवच खराब झालं तर शेवाळ परवडलं म्हणायची वेळ येईल. मग उरतं काय, यूव्ही, गाळण्या, पाणी बदलणं, फार तर हायड्रोजन पेरॉक्साइड.

पेरॉक्साइडवरून आठवलं. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ ला अपघात झाला, युनिट दोनचं इंधन वितळलं. ते काढायला सुरुवात झाली १९८५ च्या शेवटी, लांब दांड्यांच्या हत्यारांनी, वरून पाण्यात बघत बघत. आणि १९८६ मध्ये पाणी एवढं गढूळ झालं की हातभर पलीकडचं दिसेना, काम महिनोन्महिने रखडलं. का, तर जंतू वाढले. पाण्याखाली मोठाले दिवे लावलेले, हत्यारांमधून हायड्रॉलिक तेल थोडं थोडं गळत होतं, म्हणजे उजेड पण दिला आणि जेवण पण दिलं! वितळलेल्या अणुभट्टीच्या आत, बरं का. शेवटी पेरॉक्साइड घालून मारले. आमच्या काळात हे ट्रेनिंगमध्ये हमखास सांगायचे आणि नवीन मुलं हसायची.

सिंहसाहेबांसाठी : किरणोत्सार कुणी खाऊन संपवत नाही. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, सिझियम-१३७ चं तीस वर्षं. जंतूने तो गिळला, चावला, अंगाला फासला तरी अणू त्याच्या वेळापत्रकानेच फुटणार.

सर्वज्ञ_सिंह

मग बुरशीचं काय? २००७ चा पेपर आहे.

अगारप्लेट

आले. (फ्रान्समध्ये ल्योंला पोस्टडॉक करते, मायक्रोबायॉलॉजी, सध्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज संपायची वाट बघतेय म्हणून तुम्हाला एवढा मोठा प्रतिसाद.)

सिंह, तो पेपर आहे, बरोबर. मेलॅनिन (काळा रंग देणारं द्रव्य) असलेल्या बुरशा किरणांखाली जास्त वाढल्या असं त्यात दाखवलंय, आणि मेलॅनिन त्या ऊर्जेचा काही वापर करत असावं अशी शक्यता मांडलीये. शक्यता. झाडं जशी उजेडावर साखर करतात तसं ही बुरशी किरणांवर करते हे अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि काका म्हणतात तसं, तरी कचरा कमी होत नाही.

आता ताई, तुमचा "मरत कसे नाहीत" हा प्रश्न. आधी मापं बघू नाहीतर नुसतं भारी भारी वाटत राहातं. किरणांचा डोस ग्रे मध्ये मोजतात. माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे पडले आणि उपचार नाही मिळाले तर निम्मी माणसं दगावतात. आता ग्रेनोबल, इथून दीड-दोन तासांवर. तिथे एक संशोधन अणुभट्टी आहे, लाउए-लांजव्हँ इन्स्टिट्यूटची, तिच्या इंधन ठेवायच्या पाण्यात एक हिरवं एकपेशी शेवाळ सापडलं, नाव कोकोमिक्सा अ‍ॅक्टिनाबायोटिस. २०१३ मध्ये त्याच्यावर पेपर आला. ते २०,००० ग्रेपर्यंत तग धरतं, १०,००० ला निम्मं मरतं. आणि हे बॅक्टेरिया नाहीये, नीट केंद्रक असलेली पेशी आहे, झाडांच्या खानदानातली, म्हणून आम्हा लोकांना जास्तच अप्रूप. शिवाय ते पाण्यातलं युरेनियम, सिझियम, कोबाल्ट, चांदी असले किरणोत्सारी अणू स्वतःत ओढून घेतं.

पण (आणि माझ्या मते या धाग्यात एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल) असले पैलवान अपवाद आहेत. बाकीचे साधे असतात. जपानच्या केओ विद्यापीठाच्या लोकांनी फुकुशिमाच्या दोन नंबर युनिटच्या तळघरातलं पाणी तपासलं, २०२४ ला छापून आलं. सिझियम एवढं की लिटरला अब्ज बेकेरेलच्या घरात, म्हणजे एका लिटरात सेकंदाला अब्जभर अणू फुटतात. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी भयंकर चिवट प्राणी निघणार. निघाले कोण, तर लिम्नोबॅक्टर आणि ब्रेव्हिरॅब्डस आणि असले, समुद्राच्या पाण्यात वगैरे असतात त्यांचेच नातेवाईक, त्सुनामीबरोबर आत आलेले असावेत. आणि साध्या बॅक्टेरियापेक्षा ते काही विशेष किरणसहिष्णू नव्हतेच! का जगले? चिकट थर करून राहिले, आणि तिथला डोस आपल्याला भयानक असला तरी बॅक्टेरियाला तेवढा भयानक नव्हता. मला हा पेपर त्या पैलवानांपेक्षा जास्त आवडतो, कारण वाचून आधी थोडी निराशा झाली आणि मग मजा आली.

म्हणजे हे "बदललेले" जंतू नाहीत. बाहेरून आलेले, धुळीतून, पाण्यातून, कामगारांच्या बुटांवरून. ज्यांना उपाशी राहता येतं ते टिकले. डेड_लेग म्हणतात तेच खरं, भूक हाच मोठा परीक्षक, रेडिएशन दुसऱ्या नंबरचा.

उन्हाळकांदा

आमी लासलगावकडचे. इथं कांद्याला रेडिएशन मारायचं केंद्र हाये, कृषक नाव, लय वर्षांपासून. ताई तुम्ही ग्रे का काय म्हनल्या, तर कांद्याला किती मारत्यात मंग? आन् कांद्यात ते रेडिएशन ऱ्हातं का, येक जन लग्नात मला भांडला व्हता यावरून.

अगारप्लेट

दादा, कांद्याला ६० ते ९० ग्रे, कोंब येऊ नये म्हणून. कोंबाच्या टोकाच्या पेशी फुटायच्या थांबतात, कांदा बाकी तसाच. अमेरिकेला आंबा जातो त्याला निदान ४०० ग्रे, किडींसाठी. इंजेक्शनच्या सुया, हातमोजे वगैरे निर्जंतुक करायचे तर २५,०००. आता त्या शेवाळाचे २०,००० आठवा. सुईवरचा जंतू मारायला जेवढं लागतं त्याच्या जवळ जाऊन ते बसलंय.

आणि नाही, कांद्यात काही राहात नाही. कोबाल्टची गॅमा किरणं कांद्यातून जातात, कांद्याला किरणोत्सारी करायला लागते तेवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. टॉर्च मारला म्हणून भिंत चमकत राहते का, तसं. लग्नातल्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

अवांतर : या सगळ्या किरणसहिष्णू मंडळींचा मूळपुरुष असाच खाण्याच्या डब्यात सापडला. १९५६, अमेरिकेत ऑरेगनमधलं कॉर्व्हॅलिस, मांसाचे डबे गॅमा किरणांनी टिकवता येतील का बघत होते, पुष्कळ डोस देऊनही एक डबा बिघडला. त्यातून गुलाबी-लाल वसाहती निघाल्या, डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. ५,००० ग्रेला ढिम्म. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो परत जोडून घेतो, एकाच पोथीच्या चार-पाच प्रती घरात असतात आणि सगळ्या वेगवेगळ्या ठिकाणी फाटतात, मग एकीवरून दुसरीची पानं लावायची, तसं. शिवाय मँगॅनीजची संयुगं भरून ठेवतो, त्याने प्रथिनं वाचतात, म्हणजे दुरुस्ती करणारे कारागीर वाचतात. पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या एवढं रेडिएशन कुठेच नाही, मग ही कला आली कुठून? तर सुकण्यातून. पेशी पार वाळली की डीएनए असाच तुटतो. १९९६ मध्ये दाखवलं की त्याचे जे वाण किरणांनी मरतात ते वाळवल्यावर पण मरतात. म्हणजे तो दुष्काळाची तयारी करत होता, अणुयुगाची नाही.

निवृत्त_पण_जागा

१९५६ म्हणजे आमच्या अप्सरेचं साल! ४ ऑगस्ट १९५६, ट्रॉम्बे, आशियातली पहिली अणुभट्टी, आणि तीही स्विमिंग पूल पद्धतीची, पाण्यातच. वरून बघितलं की निळा उजेड. तिकडे ऑरेगनात डबा फुगत होता आणि इकडे अप्सरा सुरू होत होती, हे मला आज कळलं. धन्यवाद.

ट्रॉम्बेच्याच लोकांनी त्या डायनोकॉकसमध्ये दुसऱ्या बॅक्टेरियाचा एक जीन घालून पाण्यातलं युरेनियम साक्यासारखं खाली बसवून दाखवलं होतं, २००६ ला छापून आलं. आणि कल्पाक्कमच्या मंडळींनी आपल्याकडच्या इंधनाच्या हौदातल्या पाण्यातून बॅक्टेरिया काढून, वाढवून, त्यावर लिहिलंय. म्हणजे हे फक्त परदेशातलं प्रकरण नाही.

डेड_लेग

म्हणजे आमच्याच जातीचे निघाले की! बरं अगारप्लेट मॅडम एक विचारू का, आमच्याकडे हा थर पाइपात झाला की आम्ही ८० डिग्रीचं पाणी फिरवतो. तिथे हौदात ते करता येत नसणार. मग हौदाच्या भिंतीवर असा थर साठला आणि त्यात हे कोबाल्ट सिझियम चिकटलं तर तो थरच किरणोत्सारी होत नाही का? म्हणजे घासणाऱ्याची पंचाईत.

अगारप्लेट

होतो! अगदी बरोबर पकडलंत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ कोफ्रेन्तेस म्हणून अणुवीज केंद्र आहे, तिथल्या हौदाच्या पाण्यात स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियमच्या पट्ट्या ठेवून बघितल्या. थर धरला, आणि थरात कोबाल्ट-६० गोळा झालं. एकीकडून डोकेदुखी कारण भिंत "गरम" (म्हणजे किरणोत्सारी) होते, दुसरीकडून आयडिया, की मग मुद्दाम जाळीवर असा थर वाढवायचा, पाणी त्यावरून न्यायचं आणि जाळी काढून छोट्या डब्यात कचरा म्हणून ठेवायची. रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी संपत नाही, पण हौदभर पसरलेली डबाभर होते. सिंह यांच्या स्वप्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

अमेरिकेत साउथ कॅरोलिनात सव्हाना रिव्हरला २०११ मध्ये असंच झालं, इंधनाच्या मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. तेही जंतूंचंच काम निघालं.

इंग्लंडचं सेलाफील्ड मात्र या सगळ्यांचा बाप. तिथे १९५०-६० च्या काळातला एक हौद चक्क उघड्यावर आहे, वर छप्पर नाही, पक्षी, पानं, पाऊस सगळं आत. इंधनाला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच, ते साध्या पाण्यात गंजतं म्हणून पाण्याचा पीएच ११.४ च्या आसपास ठेवतात, चुन्याच्या निवळीपेक्षा थोडा कमी, बोटं सोलतील असा. तरी शेवाळ धरतं! उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, खालचं दिसत नाही, इंधन काढायचं काम थांबतं. आणि शेजारच्या छप्पर असलेल्या हौदात पण एक निळं-हिरवं जंतू माजतं, स्यूडअ‍ॅनाबीना कॅटेनाटा, बारीक मण्यांच्या माळा असतात मायक्रोस्कोपखाली. मँचेस्टरच्या गटाने त्याला लॅबमध्ये किरणं दिली तर ते मरायच्या ऐवजी आणखी चिकट साखर सोडायला लागलं, चिखलात म्हैस लोळते तसं स्वतःभोवती लेप.

पावटेभात

अगं बाई. मी स्वयंपाक टाकून वाचतेय. पण खाण्याचं अजून नीट नाही कळलं. धूळ, रेझिन, भाऊबंद हे समजलं. शेवाळाला उजेड मिळतो तेही समजलं. पण अंधारात, कांड्यांजवळ?

अगारप्लेट

ताई हा खरंच सुंदर प्रश्न आहे, आणि इथे सिंह थोडे बरोबर ठरतात, फक्त उलट्या बाजूने. किरणं पाण्याच्या रेणूवर आदळली की पाणी फुटतं. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, आणि पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्साइड विष. जखमेवर लावल्यावर फेस येतो ना, तो फेस म्हणजे आपल्या पेशीतलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याला फोडतंय. या जंतूंकडेही कॅटलेज असतं, त्यांच्यासाठी ते रोजचं काम. आणि हायड्रोजन? तो काहींचं अन्न. सेलाफील्डच्या पाण्यात हायड्रोजन वापरू शकणारे हायड्रोजेनोफॅगा गटाचे बॅक्टेरिया सापडलेत, नावातच आहे, हायड्रोजन खाणारा. म्हणजे किरण थेट खात नाहीत, किरणाने फोडलेल्या पाण्याचा चुरा खातात. दाणे भरडताना खाली सांडलेलं कोंबड्या टिपतात तसं.

आणि हे माणसाने अणुभट्टी बांधायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे! दक्षिण आफ्रिकेत म्पोनेंग म्हणून सोन्याची खाण आहे. तिथे २.८ किलोमीटर खोल, खडकाच्या भेगेत अडकलेलं पाणी, ६० डिग्री गरम, उजेड नाही, ऑक्सिजन नाही, वरच्या जगाशी लाखो वर्षं संबंध नाही. त्यात जवळजवळ एकच जात राहाते, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर, दुसऱ्या शब्दाचा अर्थ धाडसी प्रवासी. खडकातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम हळूहळू किरणं सोडतं, पाणी फुटतं, हायड्रोजन मिळतो, श्वासाला सल्फेट, आणि त्यावर हा गृहस्थ एकटा संसार करतो. कार्बन पण पकडतो, नायट्रोजन पण पकडतो, स्वतःचं सगळं स्वतः. २००८ मध्ये त्याचा सगळा जीनोम वाचला तेव्हा हे कळलं. आपल्या सूर्याचा त्याला जवळजवळ काही उपयोग नाही. मंगळावर जमिनीखाली काही असेल का विचारणारे लोक याच्याकडेच बोट दाखवतात.

सेंट्रिफ्यूज कधीच थांबलंय, जाते.

चकलीबहाद्दर

एका जातीचं गाव, भांडायला पण कुणी नाही. आमच्या सोसायटीपेक्षा बरं. रोचक धागा, माहितीपूर्ण.

निवृत्त_पण_जागा

"बाहेर आले तर" राहिलंच की ताई. ते बाहेरूनच आत आलेत. बाहेर त्यांना बाकीचे जंतू जगू देतील का हाच प्रश्न, उपाशी राहणं ही त्यांची खासियत, भरल्या पंगतीत त्यांना कुणी विचारत नाही. काळजी जंतूची नसते, त्याच्या अंगाला चिकटलेल्या कोबाल्टची असते, आणि म्हणून गाळणीत सापडलेलं शेवाळ पण अणुकचरा म्हणूनच ठेवतात.

पावटेभात

सगळ्यांचे आभार. नवीन कागद आणला. आता तो "जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी" च्या जागी "क्षार फार कमी, जंतू आहेतच" असं लिहितोय आणि शेजारी गुलाबी डायनोकॉकस काढलाय, त्याला हातात सुई-दोरा दिलाय. उन्हाळकांदा दादांचा कांदा पण काढलाय कोपऱ्यात, ९० ग्रे असं लिहून. फक्त त्याचा अजून एक प्रश्न राहिला, मला सोडतच नाहीये : तो जो निळा उजेड आहे पाण्यातला, त्याच्यावर शेवाळ वाढेल का?

निवृत्त_पण_जागा

तो उजेड अंधारात छान दिसतो पण तसा मंदच, आणि तोही कांड्यांच्या जवळ. शेवाळाला खरा आधार हौदावरच्या मोठ्या दिव्यांचा. आमच्याकडे एक वरिष्ठ होते, काम संपलं की दिवे बंद करा म्हणून रोज ओरडायचे. मी अख्खी नोकरी समजत होतो की लाइट बिलासाठी.